पुतळ्याच्या हातातली बंदूक

आठवीच्या मुलांना छावणीतलं युद्ध-संग्रहालय दाखवून आणायचं काम आमच्या शाळेत माझ्याकडे कधी आलं ते आता आठवत नाही. इतिहास शिकवणाऱ्या बाईच्या गळ्यात अशी कामं आपोआप पडतात. नाशिकरोडहून बस निघते. छावणीच्या गेटपाशी मुलं कमालीच्या शिस्तीत वागतात, कारण तिथे खराखुरा बंदूकधारी जवान उभा असतो. आत शिरली की पाच मिनिटांत मूळ पदावर येतात. तोफेच्या नळीत तोंड घालून ओरडणं, चाकावर चढून फोटो काढणं, एकमेकांना ‘मर’ म्हणत काचेच्या कपाटांमधून पळणं. प्रश्नही दरवर्षी तेच. गोळा किती लांब जातो? एका गोळ्यात किती माणसं मरतात? ही अजून चालते का?

मी वर्गात घसा कोरडा करून युद्धं का होतात ते सांगते, ते परीक्षेपर्यंतही टिकत नाही. तोफेचं वजन मात्र मुलांना दहावीतसुद्धा आठवतं. त्यांना दोष तरी कसा देऊ? जे हाताला लागतं तेच लक्षात राहतं. बाहेर पडताना त्यांचे चेहरे असे असतात, जणू लढाई जिंकून चालली आहेत. बसमध्ये घोषणा सुरू होतात आणि मी ड्रायव्हरच्या मागे कानात बोटं घालून बसते.

मागच्या डिसेंबरात त्या बसमध्ये माझी भाचीही होती. माझ्या धाकट्या भावाची मुलगी. जूनमध्ये तिला गावाहून माझ्याकडे शिकायला आणलं आणि आमच्याच शाळेत घातलं. भाऊ सैन्यात होता. ही आईच्या पोटात असतानाच तो गेला, त्यामुळे तिने त्याला पाहिलेलं नाही. तिचे वडील म्हणजे आमच्या गावाच्या फाट्यावर, चांदवडकडे जाणाऱ्या रस्त्याला उभा असलेला पुतळा. ताठ उभा, पिळदार मिशांचा, दोन्ही हातांत बंदूक धरलेला.

माझ्या भावाला मिशी नव्हती. आणि तो सैन्यात स्वयंपाकी होता.

ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती, पण ती कुणी फारशी बोलत नसे. तो भरती झाला तेव्हापासून वडील विचारणाऱ्याला एवढंच सांगत, “मिलिटरीत हाय, तोफखान्यात.” ते खोटं नव्हतंच. तोफखान्यातल्या माणसांनाही भूक लागते. पण लग्न जमवताना कुणी पुढे विचारलंच, तर वडील चहा मागवत. आमच्याकडे पोरगा बाहेर शंभर माणसांना जेवू घालतो हे अभिमानाने सांगण्यासारखं मानत नाहीत. ‘मिलिटरीत जाऊन भाकऱ्याच थापायच्या होत्या तर घरी काय चूल नव्हती?’ असं एका चुलत्याने भर पंगतीत म्हटलेलं मला चांगलं आठवतं. भाऊ हसला होता. त्याला राग यायचा नाही, आणि म्हणून मला दुप्पट यायचा.

सुट्टीवर आला की तो स्वयंपाक करायचा. पण त्याला थोड्या माणसांचा स्वयंपाक जमायचाच नाही. आई म्हणायची, “अरे, चार माणसं हायेत घरात.” तो म्हणायचा, “चार माणसांचा अंदाज माझ्या हाताला नाय राहिला.” मग लग्नाकार्यातलं पातेलं शेजारून यायचं, अंगणात तीन दगडांची चूल मांडली जायची आणि आमच्या घरच्या जेवणाला सगळी आळी जेवायची. पुऱ्या आणि रस्सा. आळीतली पोरं थाळ्या घेऊन धावत यायची, तर हा पळी उगारून उभा. “लाइन! लाइन में!” आधी ओळ, मग पुरी. धक्काबुक्की करणारा सगळ्यात शेवटी. आमच्या आळीला रांग लावायची सवय त्याने लावली, नाहीतर तिथे नळावरसुद्धा घागरी डोक्यावर फुटत.

एका थंडीत, उंचावरच्या ठाण्यावर, सकाळी बर्फाचा कडा खाली आला. त्याच्याबरोबरचा एक जण नंतर घरी येऊन गेला. त्याने सांगितलं की भाऊ लंगरमध्ये होता. लंगर म्हणजे त्यांचं स्वयंपाकघर. चहाचं आधण ठेवलं होतं. ठाण्यातली इतर माणसं वाचली, कारण ती बाहेर हजेरीला उभी होती.

पेटी आली तेव्हा रस्त्याला माणूस मावत नव्हता. आजूबाजूच्या गावांतून ट्रॅक्टर भरभरून लोक आले. आमच्या गावात इतकी माणसं त्याआधी कुणासाठी जमली नव्हती. ज्या चुलत्याने भाकऱ्यांवरून टोमणा मारला होता, तोच सगळ्यात पुढे झेंडा धरून. मी त्या गर्दीकडे बघत होते आणि, खरं सांगते, मला बरं वाटत होतं. वाटलं, आता तरी याची किंमत कळली.

वर्षाच्या आत स्मारकाचं ठरलं. गावाने वर्गणी काढली. मूर्तिकार नाशिकचा होता. त्याच्याकडे जवानाचा साचा तयारच होता, त्यातून कितीतरी गावांना पुतळे गेलेले. फायबरचा पुतळा, वर सोनेरी रंग. फोटोवरून चेहरा करून देतो म्हणाला होता. पुतळा आला तेव्हा नाकाच्या आसपास थोडा आमचा भाऊ होता, बाकी सगळा साचा. मी वडिलांना म्हटलं, “मिशी?” वडील पुतळ्याकडे बघत राहिले. म्हणाले, “राहू दे. शोभते.” बंदुकीबद्दल कुणी काही म्हटलंच नाही. म्हणणार तरी काय? हातात पळी द्या?

पुतळा उभा राहिला आणि गोष्ट वाढायला लागली. राईचा पर्वत एका दिवसात होत नाही, दरवर्षी थोडी थोडी माती पडते. पहिल्या पुण्यतिथीला भाषणात ‘बर्फाशी झुंज देताना’ असं होतं. नंतर ‘सीमेवर लढताना’ झालं. मग एका पाहुण्याने शत्रू आणला. पुढच्या वर्षी शत्रूच्या हातात मशीनगन आली. पाहुण्यांना समोर बसलेली शाळेची मुलं दिसत असतात, त्यांचे डोळे मोठे झालेले दिसतात, मग जीभ आवरत नाही. मी शिक्षिका आहे, मला हा मोह माहीत आहे.

वडील गेल्यावर माईकसमोर आईला उभं करू लागले. वीरमाता. पहिल्या वेळी ती नुसती रडली. पण दरवर्षी रडून कसं चालेल, मुलं ऐकायला बसलेली असतात. तिने ऐकलेलंच सांगायला सुरुवात केली. कसा तो बर्फात एक गुडघा टेकून बसला, कशी त्याने बंदूक खांद्याला लावली, कशी शेवटची गोळी संपेपर्यंत जागा सोडली नाही. सांगता सांगता ती सराईत झाली. आवाज कुठे खाली आणायचा तेही तिला कळू लागलं. मी एकदा घरी म्हटलं, “आई, अगं तो लंगरला होता.” ती भांबावून माझ्याकडे बघत म्हणाली, “हो. पण तू नव्हतीस ना तिथं.”

भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे धावत फाट्यापर्यंत येतात, पुतळ्याच्या पायाला हात लावतात आणि परत फिरतात. हात लावून लावून उजव्या पायाच्या अंगठ्यावरचा सोनेरी रंग उडाला आहे. दर जानेवारीत पुण्यतिथीच्या आधी तो पुन्हा मारतात. लासलगावला कांदा घेऊन जाणारे ड्रायव्हरसुद्धा जाता जाता हात जोडतात. या सगळ्यात माझी भाची वाढली. वडिलांशी बोलायचं असलं की ती लहानपणी फाट्यावर जाऊन पुतळ्याशी बोलायची, असं वहिनीने मला सांगितलं होतं. ते ऐकून मला भडभडून आलं होतं, आणि मी गप्प बसले होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

तर त्या डिसेंबरात आम्ही संग्रहालयात होतो. एका दालनात तोफेभोवती गणवेशातले मातीचे माणसाएवढे पुतळे मांडलेले आहेत. एक गोळा उचलतोय, एक भरतोय, एक दोरी ओढायच्या तयारीत. माहिती सांगायला एक निवृत्त सुभेदार होते. त्यांचं सांगून झालं, बाकी मुलं पुढच्या कपाटाकडे पळाली. भाची तिथेच थांबली.

“काका, माझे बाबा पण तोफखान्यात होते,” ती म्हणाली. “ते शहीद झाले. यातलं कोणतं काम करायचे ते?”

सुभेदारांनी टोपी सारखी केली. “कोणत्या ट्रेडला होते, बेटा?”

ट्रेड म्हणजे सैन्यातलं ज्याचं त्याचं काम. तिला तो शब्द कळला नाही. तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर इतकी खात्री होती की आत्या आता सांगणार, तो दोरी ओढणारा, नाहीतर तो गोळा भरणारा. मला त्या क्षणी काहीही सांगता आलं असतं. पण त्या मातीच्या माणसांपैकी एक तिच्या हाती द्यायचा आणि तिला घेऊन घरी जायचं, हे माझ्याच्याने होईना.

“लंगरला होता,” मी म्हटलं. “स्वयंपाकी.”

“अच्छा,” सुभेदार म्हणाले. त्यांच्या आवाजात कुठेही कमीपणा नव्हता. त्यांनी सवयीने दालनभर नजर फिरवली, तिला दाखवायला काहीतरी शोधत असावेत. मग म्हणाले, “लंगरचं इथं काही ठेवलेलं नाही, बेटा.”

मागे कपाटापाशी दोन पोरं ऐकत होती. त्यातला एक फिस्सकन हसला. मी त्याला तिथल्या तिथे असा झापला की सुभेदारसुद्धा दोन पावलं मागे सरले.

बसमध्ये ती खिडकीशी बसली. घोषणा दिल्या नाहीत. मला वाटलं, घरी गेल्यावर भांडेल, रडेल, आजीला फोन लावेल. मी मनातल्या मनात उत्तरांची जुळवाजुळव करत होते. घरी आल्यावर ती हातपाय धुऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

“म्हणजे बाबा रोज काय करायचे?”

एवढंच. मला हसावं की रडावं कळेना. आजवर एकाही पुण्यतिथीला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी तिला पुऱ्यांचं सांगितलं, पातेल्याचं सांगितलं, ‘लाइन में’ सांगितलं. ती हसली, मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. मग एकामागून एक. रश्श्यात काय घालायचे? तिखट असायचा? गाणं म्हणायचे का करताना? पीठ स्वतः मळायचे? डावखुरे होते का? त्यांना स्वतःला काय आवडायचं?

पहिल्या दोन-तीन प्रश्नांना मी धडाधड उत्तरं दिली, आणि मग माझ्याजवळचं संपलं. रश्श्यात बटाटा होता एवढं नक्की. वाटाणा होता की नव्हता? तिखट? मी लग्न होऊन नाशिकला आलेली, तो सुट्टीवर असताना दोन दिवस जाऊन यायचे, आणि ते दोन दिवस मी मुलांच्या मागे असायचे. आम्ही वहिनीला फोन लावला. वहिनीने आधी गॅस बंद केला. मग म्हणाली, “मी तेव्हा नवी नवरी होते, ताई. सगळ्यांचं झाल्यावर जेवायचे. गार झालेलं असायचं. चव कुठं कळते.” फोन घेऊन आईने तर ठामपणे सांगितलं की रस्सा चवळीचा असायचा, आणि वहिनी मागून ओरडली की नाही, कधीच नाही.

तिघी बायका, त्याच्या सगळ्यात जवळच्या, आणि एका रश्श्यावर आमचं एकमत होईना. बंदूक कोणत्या खांद्याला होती हे मात्र आम्हा तिघींना पाठ होतं. मला माझीच लाज वाटली आणि आईचा रागही आला. आणि त्या रागात काही अर्थ नव्हता. तिने तरी काय करायचं होतं? रोज थोडं थोडं विसरणाऱ्या म्हातारीला गावाने एक न विसरता येणारा मुलगा आणून दिला होता.

जानेवारीत पुण्यतिथीला आम्ही गावी गेलो. दरवर्षी मुलांना बिस्किटाचे पुडे देतात. भाचीने हट्ट धरला की या वर्षी जेवण करायचं, पुऱ्या आणि बटाट्याचा रस्सा, बाबा करायचे तसा. आळीतले बाप्ये तयार झाले. एकेकाळी रांगेत थाळी घेऊन उभी राहणारी ती पोरं आता तिशीत आलेली. कुणाचा ट्रॅक्टर, कुणाचा कांद्याचा छोटा धंदा. त्यांनी फाट्यावरच, स्मारकाच्या मागे चुली मांडल्या.

कार्यक्रमात तिलाही बोलायला सांगितलं. वीरकन्या. ती पुतळ्याखाली उभी राहिली, माईक तिच्या हनुवटीपेक्षा उंच. समोर सतरंजीवर शाळेची मुलं मांडी घालून. ती म्हणाली, “माझे बाबा सैन्यात स्वयंपाकी होते. सकाळी चहा करत असताना बर्फ पडला आणि ते गेले. ते चांगला स्वयंपाक करायचे.” आणि ती थांबली. तिच्याकडे अजून सांगायला काही नव्हतंच. आम्ही दिलंच नव्हतं.

टाळ्या वाजल्या नाहीत. पुढच्या रांगेतल्या एका लहान मुलीने वर बघत मोठ्याने विचारलं, “मग ही बंदूक कुणाची हाय?”

भाची वर बंदुकीकडे बघत राहिली. सूत्रसंचालन करणाऱ्या गुरुजींनी पटकन माईक घेतला. म्हणाले, “लहान आहे, भावनेच्या भरात आहे,” आणि घोषणा दिली. मुलांनी जोरात ओ दिली. मग आई उठली आणि तिने नेहमीचं सगळं सांगितलं. एक गुडघा, खांदा, शेवटची गोळी. मुलांचे डोळे मोठे झाले. कोणी काही विचारलं नाही.

जेवणाची वेळ झाली. पुऱ्यांच्या टोपल्या आल्या, मुलांच्या ओळी बसल्या. रश्श्याच्या पातेल्यापाशी ट्रॅक्टरवाला पळी घेऊन उभा होता. आई, वहिनी, मी तिथेच. त्याने झाकण काढलं, वाफ वर आली, आणि भाची पातेल्यावर वाकली. डोळे मिटून तिने खोल वास घेतला. ही तिची खोड आहे, ताटात काहीही पडलं की आधी नाक. आमच्याकडे अन्न हुंगलं की ते उष्टं झालं म्हणतात, नैवेद्याचं तर हमखास.

आईने तिच्या पाठीत चापट मारली. “किती वेळा सांगायचं गं? हुंगू नको अशी. पोरान्ला वाढायचंय अजून.”

“मारू नको मावशे तिला,” ट्रॅक्टरवाला हसत म्हणाला. “तो बी असंच करायचा की. चाखून नाय बघायचा कधी. झाकण काढायचं, वाकायचं, वास घ्यायचा अन् सांगायचा, मीठ कमी हाय. आम्ही थाळी घेऊन समोरच उभे राहायचो ना, लय भूक लागलेली, अन् ह्याचं आपलं वास घेणं चालूच. बराबर असंच. डोळे मिटून.”

भाचीने डोळे उघडले. “खरंच?”

“आईच्यान.” तो वाढायला लागला. त्याच्या दृष्टीने विषय संपला होता.

ती वळली. तिच्या गालांवर वाफेचं पाणी होतं. “आजी, बाबा असं करायचे? लहानपणी पण? तू त्यांना पण मारायचीस?”

आई बोलायला गेली आणि अडकली. मघाशी माईकवर एकदाही न अडखळलेली बाई. ती पातेल्याकडे बघत राहिली, मग मान वर करून पुतळ्याकडे, मग माझ्याकडे. तिच्या डोळ्यांत मला पहिल्यांदा भीती दिसली.

“करायचा का गं तो असं?” तिने मला विचारलं.

मी त्याची मोठी बहीण. एका ताटात जेवलेली, त्याला कडेवर घेऊन फिरवलेली. मी डोळे मिटले आणि त्याला चुलीशी वाकलेला आणायचा प्रयत्न केला. पुन्हा केला. दर वेळी समोर यायचा तो ताठ उभा, सोनेरी, मिशांना पीळ दिलेला. भाची माझ्या तोंडाकडे बघत होती.

“नाही आठवत, आई,” मी म्हटलं.